राज्यांच्या उद्योग करसवलती : जयपूरच्या सीतापुऱ्याचे उदाहरण

जयपूरच्या दक्षिणेस टोंक मार्गावर राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेले प्रताप नगर आहे. त्याच्या शेजारीच सीतापुरा औद्योगिक वसाहत असून, रत्ने व दागिन्यांच्या निर्यातीसाठीचे विशेष आर्थिक क्षेत्रही तेथेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये 'रायझिंग राजस्थान' ही गुंतवणूकदार परिषद याच परिसरात भरली. अशा परिषदांत जाहीर होणाऱ्या करारांमागे राज्याची प्रोत्साहन योजना उभी असते.

राजस्थानात ही योजना 'राजस्थान गुंतवणूक प्रोत्साहन योजना' या नावाने ओळखली जाते. २००३ पासून तिच्या २०१०, २०१४, २०१९, २०२२ व २०२४ अशा आवृत्त्या निघाल्या. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना याहून जुनी, १९६४ ची. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील उद्योगांची दाटी कमी व्हावी आणि मागास तालुक्यांत कारखाने जावेत, हा तिचा हेतू होता.

पूर्वी सवलतीचे मुख्य साधन विक्रीकर हे होते. कारखान्याला काही वर्षे कर माफ केला जाई, किंवा ग्राहकाकडून वसूल केलेला कर तो स्वतःजवळ ठेवून पुढे हप्त्यांनी भरू शके. हे एक प्रकारे बिनव्याजी कर्जच होते. शेजारचे राज्य अधिक देते म्हणून आपणही द्यावे, या चढाओढीत सर्वांचीच तिजोरी रिती होऊ लागली. तेव्हा १ जानेवारी २००० पासून विक्रीकराधारित नव्या सवलती बंद करण्याचे राज्यांनी ठरविले. प्रत्यक्षात चढाओढ थांबली नाही, तिने रूप पालटले. कर आधी भरायचा आणि त्यातील ठरावीक हिस्सा नंतर अनुदान म्हणून परत घ्यायचा, अशी पद्धत रूढ झाली. राजस्थानच्या २०१९ च्या योजनेत भरलेल्या राज्य कराच्या ७५ टक्क्यांइतके अनुदान सात वर्षे देऊ केले होते, शिवाय विद्युत शुल्क व मुद्रांक शुल्कात माफी होती.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब बदलला. हा कर माल जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. जयपूरमध्ये तयार झालेला माल नागपूरला विकला, तर त्यावरील कराचा राज्य-हिस्सा महाराष्ट्राकडे जातो. पूर्वी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर उत्पादक राज्याकडे राहत असे. आता त्या विक्रीतून राजस्थानला काही मिळतच नाही, मग परत काय द्यायचे? निर्यातीवर तर हा कर शून्य दराने आकारला जातो, म्हणजे सीतापुऱ्यातून परदेशी जाणाऱ्या दागिन्यांना राज्य कराच्या परताव्याचा उपयोग जवळजवळ नाही.

या अडचणीवर २०२२ व २०२४ च्या योजनांनी पर्याय दिला. कर परतावा, भांडवली अनुदान किंवा उलाढालीशी निगडित प्रोत्साहन यांपैकी एक गुंतवणूकदाराने निवडावे. भांडवली अनुदान यंत्रे व इमारतींवरील खर्चाशी जोडलेले असल्याने माल कोठे विकला, हा प्रश्न उरत नाही. राज्याच्या दृष्टीने मात्र हा सौदा अधिक महाग आहे. परतावा निदान आलेल्या करातून द्यावा लागतो, अनुदानाची तरतूद थेट अर्थसंकल्पातून करावी लागते.

उद्योजकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. वित्त अधिनियम २०१५ ने आयकराच्या 'उत्पन्न' या व्याख्येत अशा शासकीय अनुदानांचा समावेश केला. मालमत्तेच्या मूळ किमतीतून वजा होणारी अनुदाने त्यातून वगळली आहेत. त्यामुळे राज्याने एका हाताने दिलेल्या रकमेतील काही भाग केंद्राच्या आयकरात जाऊ शकतो.