ड्रायव्हर तपासणाऱ्यांचा इतिहास

2009 ची गोष्ट. सोलापुरात मामूच्या मुलाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडून मी एक जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स टाकलं. सगळं चाललं, पण हेडफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच यायचा. एकदा रात्री दीड वाजता कव्वाली लावली आणि अब्बा उठून बसले.

शोध घेतल्यावर कळलं की माझ्या मॉडेलमधली आवाजाची चिप ड्रायव्हरला नीट ओळखता येत नाही. मी चिपची माहिती काढून ड्रायव्हर लिहिणाऱ्याला पाठवली. त्याने दुरुस्ती धाडली. ती घालून पाहिली तर स्पीकर कायमचा मुका झाला. पुन्हा कळवलं, पुन्हा दुरुस्ती आली. चौथ्या खेपेला जमलं. दुकानात ही हकीकत सांगितली तेव्हा भाईजान हसले आणि म्हणाले, ‘‘तीन आठवडे राबलास. पगार किती मिळाला?’’

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. पुढे या विषयाचा इतिहास वाचत गेलो तो त्या प्रश्नामुळेच.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. ऑपरेटिंग सिस्टिमची भाषा एक, प्रिंटरची किंवा नेटवर्क कार्डाची दुसरी. मध्ये उभा राहून दोघांचं बोलणं जुळवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. दुभाषा चुकला तर पूर्ण दरबार कोसळतो. 2001 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नेलच्या तुलनेत तीन ते सात पट निघालं. 2003 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवलं की विंडोज एक्सपीमधल्या 85 टक्के बिघाडांच्या मुळाशी ड्रायव्हर असतात.

याचं कारण साधं आहे. बाजारात मदरबोर्ड, कार्डं, चिपा यांच्या जोड्या इतक्या असतात की एवढी यंत्रं कोणत्याही एका प्रयोगशाळेत मावणार नाहीत. ती लोकांच्या घरात असतात. म्हणून ड्रायव्हरची खरी परीक्षा घरोघरीच होते आणि परीक्षा घेणारा बहुतेक वेळा बिनपगारी असतो.

या इतिहासाची सुरुवात अनेक जण एका प्रिंटरपासून करतात. 1980 च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबला एक लेझर प्रिंटर दिला. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की तसा निरोप वापरणाऱ्याच्या पडद्यावर यावा, अशी सोय त्याने केली होती. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ कोडच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो होता, पण कोणालाही न देण्याच्या करारावर त्याची सही झालेली होती. स्टॉलमनला हा नकार फार लागला. सप्टेंबर 1983 मध्ये त्याने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे असे अनुभव होते. यंत्र आपल्या खोलीत, पण ते दुरुस्त करायची परवानगी दुसऱ्याच्या खिशात, ही त्याची तक्रार होती.

ऑगस्ट 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या सिस्टिमची बातमी जाहीर केली. ती फक्त एकाच प्रकारच्या हार्डडिस्कवर चालेल, कारण आपल्याकडे तीच आहे, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं होतं. पण ज्यांच्याकडे दुसरी यंत्रं होती, त्यांनी त्या त्या यंत्रांचे ड्रायव्हर लिहिले. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी ते चालवून पाहिले आणि कुठे मोडतात ते कळवलं. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम केलेल्या डोनाल्ड बेकरने इथरनेट कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर लिहिले. 1994 मध्ये त्याच केंद्रात त्याने थॉमस स्टर्लिंगसोबत 16 साध्या संगणकांची जोडणी करून बियोवुल्फ हा स्वस्त महासंगणक उभा केला, तो याच ड्रायव्हरांच्या जोरावर.

काही कंपन्या चिपांची माहिती देतच नसत. ब्रॉडकॉमच्या वायरलेस चिपा कित्येक लॅपटॉपमध्ये होत्या, पण लिनक्ससाठी खुला ड्रायव्हर नव्हता. स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते ते लिहून काढलं. दुसऱ्या गटाने बंद ड्रायव्हरकडे न बघता फक्त त्या टिपणांवरून नवा कोड लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आळ यायला नको. 2006 मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये गेला. घरोघरच्या लॅपटॉपांवर तो चालवून बघणारी माणसं नसती तर तो कागदावरच राहिला असता. 2010 मध्ये कंपनीने स्वतःच नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला.

पण या कामात जोखीमही असते. 2008 च्या सप्टेंबरमध्ये ती उघडी पडली.

लिनक्सच्या 2.6.27 या आवृत्तीची चाचणी चालू होती. हौशी लोकांनी ती आपापल्या लॅपटॉपवर घातली. अचानक तक्रारी येऊ लागल्या की इंटेलचं नेटवर्क कार्ड बंद पडलंय. साधा बिघाड असता तर जुनी आवृत्ती घातल्यावर सुटला असता. इथे कार्डाच्या आतली कायमची स्मृतीच खराब झाली होती. कार्डाचा पत्ता, त्याच्या मांडणीच्या नोंदी, सगळं त्यातच असतं. सिस्टिम पुसून नव्याने टाकली तरी कार्ड जागं होत नव्हतं. ज्यांनी त्या स्मृतीची प्रत आधी काढून ठेवली होती, ते थोडे सुदैवी ठरले.

संशय ई1000ई या नेटवर्क ड्रायव्हरवर गेला, ग्राफिक्सच्या बाजूवरही. उबुंटूसारख्या काही वितरणांनी चाचणीच्या आवृत्तीत तो ड्रायव्हर बंदच करून टाकला. इंटेलच्या लोकांनी कार्डाच्या स्मृतीला कुलूप लावणारी दुरुस्ती केली आणि 9 ऑक्टोबरला आवृत्ती बाहेर पडली. तरी गुन्हेगार सापडला नव्हता. तो शोधायचा तर बिघाड पुन्हा घडवून आणावा लागत होता, म्हणजे आणखी एक कार्ड पणाला लावावं लागत होतं.

काही दिवसांनी खरं कारण कळलं. कर्नेलच्या कामावर नजर ठेवणारं एफट्रेस नावाचं साधन स्मृतीतले काही पत्ते टिपून ठेवत असे आणि नंतर त्या जागी बदल करत असे. मधल्या काळात ती जागा रिकामी होऊन नेटवर्क कार्डाला मिळालेली असायची. जुन्या भाडेकरूचं पत्र पोस्टमन नव्या भाडेकरूच्या घरात टाकतो, तसं ते चुकीच्या ठिकाणी लिहून जात होतं. दोष ड्रायव्हरचा नव्हताच. आरोपी आधी ठरला आणि पुरावा नंतर आला. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

हा पुरावा कुठून आला? ज्यांची कार्डं गेली, त्यांनी निमूटपणे नवं कार्ड घेतलं असतं तर हा दोष पक्क्या आवृत्तीतून लाखो यंत्रांपर्यंत पोचला असता. त्यांनी तारीख, चिपचा नंबर, शेवटी काय केलं होतं, हे सगळं लिहून पाठवलं. नुकसान त्यांचं झालं, वाचले ते दुसरेच.

त्या सुमारास लिनक्समध्ये एक पद्धत रुजत होती. प्रत्येक दुरुस्तीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असायचंच, आता दोष कळवणाऱ्याचं आणि चाचणी करणाऱ्याचंही नाव नोंदवायचं. ‘टेस्टेड बाय’ एवढीच एक ओळ. इमारतींच्या इतिहासात बांधून घेणाऱ्याचं नाव शिलालेखावर येतं, पाथरवटाचं क्वचित. हा दस्तावेज मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. इथे पाथरवटाचं नावही कोरलं जातं, आणि ज्याने भिंतीवर चढून ती पक्की आहे का ते पाहिलं त्याचंही.

तरीही एका ओळीने सगळा हिशेब मिटत नाही. या फुकटच्या श्रमांवर कंपन्यांची कार्डं विकली जातात. चाचणीचा खर्च वाचतो तो कंपनीचा, बिघडलेलं यंत्र उरतं ते माणसाच्या पदरी. स्वखुशीने दिलेला वेळ आणि गृहीत धरलेला वेळ यांत फरक आहे. आज अर्धवट शिजलेली उत्पादनं बाजारात आणून ग्राहकालाच परीक्षक बनवलं जातं, तेव्हा तो फरक पुसला जातो. ज्या ड्रायव्हरचा कोड खुला आहे, त्याची दुरुस्ती सर्वांची होते. ज्याचा बंद आहे, त्यासाठी दिलेला वेळ कंपनीच्या खात्यात जमा होतो. कोणासाठी राबतोय, हे चाचणी करणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

मागच्या ईदला भाईजानकडे गेलो होतो. दुकान आता मुलगा चालवतो. कोपऱ्यात माझ्या त्याच मॉडेलचा एक लॅपटॉप धूळ खात पडला होता. मी त्यावर नवं लिनक्स टाकलं आणि हेडफोन लावला. स्पीकर गप्प झाला आणि आवाज फक्त कानात आला.

‘‘हा बघा पगार,’’ मी म्हणालो.

भाईजानने हेडफोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, ‘‘बराय. पण चहा तूच सांग.’’