छतावरचे कमळतळे : जैन भित्तिचित्रांतील निसर्ग आणि सोलापूरचा एक ग्रंथ

तामिळनाडूतील पुदुकोट्टई शहरापासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर सित्तन्नवासल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील खडकाळ टेकडीत कोरलेले जिनमंदिर आकाराने अगदी बेताचे आहे. एक गर्भगृह, त्यापुढे अर्धमंडप आणि त्यांत तीर्थंकरांच्या व आचार्यांच्या शांत बैठ्या मूर्ती, एवढाच त्याचा विस्तार. परंतु अर्धमंडपात उभे राहून मान वर केली की दर्शनार्थी क्षणभर थबकतो. डोक्यावर दगडी छत नसून कमळांनी भरलेले तळे आहे, असा भास होतो. उमललेली कमळे, मिटलेल्या कळ्या, वाऱ्याने कडा उलटलेली रुंद पाने, पानांआडून डोकावणारे मासे, पाण्यात डुंबणारे हत्ती आणि म्हशी, हंसांचे थवे. आणि या सर्वांमध्ये कमळे खुडणारे तीन पुरुष. त्यांच्या चेहऱ्यांवर घाई नाही, श्रम नाहीत.

प्रथमदर्शनी कोणासही प्रश्न पडेल की, वीतराग जिनेंद्रांच्या मंदिरात या तळ्याचे प्रयोजन काय? म्हशी आणि मासे यांचा मोक्षमार्गाशी संबंध कोणता? केवळ शोभेसाठी काढलेले हे निसर्गचित्र असावे, असे पुष्कळांनी मानले. शोभा हा त्यामागील एक हेतू असेलही. परंतु या चित्राचा खरा अर्थ उलगडण्यास जो ग्रंथ सर्वाधिक साहाय्यभूत ठरतो, त्याची संपादित आवृत्ती सोलापुरातून प्रसिद्ध झाली, ही गोष्ट सोलापूरच्या जैन समाजातही आज थोड्यांनाच ठाऊक असेल.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या मनात १९४० च्या सुमारास आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्माच्या व समाजाच्या कार्यी लावावी, असा विचार दृढ झाला. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळील गजपंथा तीर्थक्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावले आणि त्यांच्याशी विचारविनिमय करून जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना केली. त्या वेळी ३०,००० रुपयांचे दान त्यांनी जाहीर केले. पुढे १९४४ मध्ये सुमारे २ लाख रुपयांची आपली सर्वच संपत्ती त्यांनी संघाला विश्वस्तनिधी म्हणून अर्पण केली. या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणजे यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ. डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि दुसरा १९५१ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. महायुद्धामुळे कागदाची टंचाई असण्याच्या त्या काळात एवढ्या विस्ताराचा प्राकृत ग्रंथ छापून काढणे हे धाडसच होते. संघाचे नाव घेताना दात्याचे स्मरण होते ते योग्यच. पण पहिल्या ग्रंथाच्या निवडीमागील दृष्टीही तितकीच स्मरणीय आहे.

‘तिलोयपण्णत्ती’ हा लोकरचनेचा ग्रंथ. द्वीप, समुद्र, पर्वत आणि त्यांची मापे यांनी तो भरलेला असल्यामुळे सामान्य वाचक त्याकडे सहसा वळत नाही. परंतु त्याच्या चौथ्या महाधिकारात तीर्थंकरांच्या समवसरणाचे जे सविस्तर वर्णन येते, ते एखाद्या कुशल स्थपतीने आराखडा समोर मांडावा तसे आहे. बाहेरचा धूलिसाल कोट ओलांडून आत जाणाऱ्या भव्य जीवाला एकामागून एक आठ भूमी लागतात. पहिली चैत्यप्रासादांची. दुसरी खातिकाभूमी, म्हणजे स्वच्छ पाण्याने भरलेला खंदक. त्यात कुमुदे, नीलकमळे व कमळे उमललेली, रत्नमय पायऱ्या उतरत गेलेल्या आणि हंसादी पक्षी विहरत असलेले. तिसरी वेलींची भूमी, चौथी उपवनांची. तेथे अशोक, सप्तपर्ण, चंपक व आम्र यांची चार वने. त्यानंतर ध्वजभूमी, कल्पवृक्षभूमी, भवनभूमी आणि अखेरीस बारा कोठ्यांची श्रीमंडपभूमी. या बारांपैकी शेवटच्या कोठ्यात सिंह, हत्ती, वाघ, हरिण असे तिर्यंच जीव जन्मजात वैर विसरून बसलेले असतात.

आता पुन्हा सित्तन्नवासलच्या छताकडे पाहावे. अनेक अभ्यासकांनी त्या तळ्यात समवसरणाची खातिकाभूमी आणि कमळे खुडणाऱ्या पुरुषांत पूजेसाठी फुले घेणारे भव्य जीव पाहिले आहेत. हा अर्थ स्वीकारला की मंदिराची रचनाच बोलू लागते. अर्धमंडपात शिरणारा श्रावक नकळत दुसऱ्या भूमीत येतो, आणि त्याच्या समोर, गर्भगृहात, जिनेंद्र विराजमान असतात. म्हशी आणि मासे तेथे आगंतुक नाहीत. जेथे पशूलाही कोठा राखून ठेवलेला आहे, त्या सभेच्या वाटेवरच ते आहेत.

गर्भगृहाच्या छतावर मात्र चित्रकाराने निराळाच मार्ग पत्करला. तेथे वर कापडी चांदवा ताणावा तशी चौकटी, वर्तुळे व कमळे यांची आखीव नक्षी आहे. मागावर वाढलेल्या सोलापूरकरांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. चादरीवरील फूल ठरावीक घरे मोजून पुन्हा पुन्हा येते. त्यात चूक होणे म्हणजे वाणच बिघडणे. तळ्यातील कमळ मात्र तसे येत नाही. एकाच मंदिरात, जिनमूर्तीच्या माथ्यावर नियमबद्ध नक्षी आणि श्रावकाच्या माथ्यावर मोकळे पाणी, ही योजना ज्याने केली त्याला दोन्ही विद्या अवगत होत्या.

या चित्रांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. पूर्वी ती सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याच्या काळची मानली जात. पुढे तेथील तमिळ शिलालेखाकडे लक्ष गेले. पांड्य राजा श्रीवल्लभ याच्या काळी, म्हणजे नवव्या शतकात, मदुराईचे आचार्य इळं गौतमन् यांनी अर्धमंडपाचा जीर्णोद्धार करून पुढे मुखमंडप उभारला, असे त्यातून कळते. त्यामुळे चित्रे त्या जीर्णोद्धाराच्या काळची असावीत, या मताला बळ मिळाले.

नववे शतक हे दक्षिणेतील जैन संस्कृतीचे वैभवशाली शतक होय. याच शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष मान्यखेट येथून राज्य करीत होता. मान्यखेट म्हणजे कलबुर्गीजवळचे आजचे मळखेड. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. अमोघवर्षाचे गुरू आचार्य जिनसेन यांनी ‘आदिपुराणा’त भगवान ऋषभदेवांच्या समवसरणाचे वर्णन काव्यमय विस्ताराने केले; त्यातही खातिका, लतावन आणि उपवने आहेतच. राष्ट्रकूटांच्याच काळात वेरूळच्या डोंगरात ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आकाराला येऊ लागली. त्यांतील ३२ क्रमांकाच्या ‘इंद्रसभे’च्या प्रांगणात मानस्तंभ आहे, मध्यभागी चौमुखी मंदिर आहे, आणि वरच्या मजल्यावरील छतांवर ढगांतून विहरणाऱ्या विद्याधर-युगुलांची चित्रे आज अंशरूपाने उरली आहेत. ज्याला लोक ‘इंद्र’ म्हणतात तो वस्तुतः यक्ष असून तो वटवृक्षाखाली बसला आहे. त्याच्या जोडीची अंबिका आम्रवृक्षाखाली, सिंहावर. तिच्या माथ्यावरील आंब्याचे झाड इतके सजीव कोरले आहे की, शिल्पकाराने झाड पाहून हात चालवला असावा, याविषयी शंका उरत नाही.

महाराष्ट्रातील चित्रकाराची ही निरीक्षणशक्ती त्याआधीपासूनच परिपक्व होती. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेणीत हंसांची एक पट्टी आहे. २३ हंस आणि प्रत्येकाची मान, पंख, पावले निराळ्या ढंगाची. अजिंठा बौद्धांचे, वेरूळचे उत्तर टोक जैनांचे; पण कारागिरांच्या परंपरेला संप्रदायाच्या भिंती फारशा आड आल्या नसाव्यात.

हे काम टिकले कसे, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. खडबडीत खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग, अशी अजिंठ्याची सर्वसाधारण पद्धत होती. रंगही मुख्यतः भूमीनेच दिलेले : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी आणि चुना. निळ्यासाठी मात्र दूरदेशीचा राजावर्त मणी वाटावा लागे. वेरूळच्या गिलाव्याविषयी २०१६ मध्ये एक लक्षणीय संशोधन प्रसिद्ध झाले. तेथील मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. कीटकांचा उपद्रव रोखण्यास त्यांचा उपयोग झाला असावा, असे संशोधकांचे मत आहे. कारण अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तेथे किडीने केलेली हानी मोठी आहे.

तथापि किडीपेक्षा माणसाच्या हातून झालेली हानी कमी नाही, आणि ती पुष्कळदा सद्भावनेने झाली. अजिंठ्याची चित्रे वाचविण्यासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी सैल झालेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे उपकारच. परंतु चित्रांवर त्यांनी दिलेला लाखेचा थर काळाच्या ओघात पिवळा पडला आणि मूळ रंग त्याखाली झाकोळले. तो थर उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक वर्षे करावे लागले. गावोगावच्या मंदिरांत जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या चित्रांवर तैलरंग फिरविला जातो, तेव्हा या उदाहरणाची आठवण ठेवणे हिताचे ठरेल. लाख निदान उतरविता तरी आली. खरवडलेली भिंत परत मिळत नाही.

समवसरणाखेरीज जैन भित्तिचित्रांत निसर्गाचे आणखी एक रूप आढळते, ते म्हणजे षट्लेश्यांचा वृक्ष. श्रवणबेळगोळ येथील जैन मठाच्या भिंतींवरील चित्रांत म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वोडेयर यांचा दसऱ्याचा दरबार आहे, तीर्थंकरांच्या चरित्रांतील प्रसंग आहेत, आणि एक झाड व सहा माणसेही आहेत. फळे सर्वांनाच हवी आहेत. कृष्ण लेश्येचा मनुष्य झाड मुळासकट उपटू पाहतो, नील लेश्येचा बुंधा तोडू इच्छितो, कापोत लेश्येचा मोठी फांदी, पीत लेश्येचा लहान डहाळी. पद्म लेश्येचा फक्त फळे तोडतो आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली वेचून घेतो. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी दहाव्या शतकात ‘गोम्मटसारा’च्या जीवकांडात हा दृष्टांत दिलेला आहे. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हता त्यांच्यासाठी तोच भिंतीवर आला. प्रवचन ऐकून उठलेल्या श्रावकाची दृष्टी त्या झाडावर पडली की, आपण सहांपैकी कोण, हा प्रश्न त्याला टाळता येत नसे. मठाची ती जागा एकांताची नव्हे, येण्याजाण्याची होती, हेही ध्यानात घ्यावे.

अलीकडे अनेक ठिकाणी संस्थांची नवी सभागृहे, स्वाध्याय भवने व धर्मशाळा उभ्या राहत आहेत आणि त्यांच्या भिंतींवर निसर्गदृश्ये काढून घेण्याची प्रथा रूढ होत आहे. धबधबा, हिमशिखरे, परदेशी फुले अशी ती दृश्ये बहुधा छापील कॅलेंडरांवरून उचललेली असतात. त्यांत वावगे काही नाही. परंतु ज्या परंपरेजवळ आठ भूमींचा आराखडा तयार आहे, तिने उसने डोंगर आणावेत, हे विचित्र दिसते. उपवनभूमीची चारही झाडे सोलापूरच्या परिसरात पाहावयास मिळतात. केवळ नावांच्या बाबतीत सावधगिरी हवी. आवारांच्या कडेने उंच सरळ वाढणारे, ज्याला सर्रास अशोक म्हटले जाते ते झाड शास्त्रकारांचा अशोक नव्हे. खरा अशोक पसरट, दाट सावलीचा असून वसंतात त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ लागतात. सप्तपर्णी हल्ली रस्त्यांच्या कडेला पुष्कळ लावलेली दिसते. चाफ्यातही भेद आहे : चंपक म्हणजे सोनचाफा, देवळांपुढे दिसणारा पांढरा, चीक येणारा चाफा परदेशातून आलेला आहे. लताभूमीत पुन्नाग, नाग, कुब्जक, शतपत्र यांच्यासह अतिमुक्तकाचे नाव येते. अतिमुक्तक म्हणजे माधवीलता. घरोघरी कुंपणावर चढविलेली, पांढऱ्यावरून लाल होणाऱ्या फुलांची मधुमालती वेगळी. पुन्नाग ही आपल्या कोकणातील उंडी होय.

चित्रकाराला हे सांगावयाचे कोणी, असा प्रश्न उरतो. सित्तन्नवासल येथे जीर्णोद्धार करविणारे स्वतः आचार्य होते. त्यामुळे कोणत्या छतावर कोणती भूमी यावी, हे चित्रकाराला विचारावयास माणूस जवळ होता. सोलापुरात तो अधिकार ‘तिलोयपण्णत्ती’च्या चौथ्या महाधिकाराकडे आहे, आणि तो हिंदी अनुवादासह छापलेला असल्यामुळे प्राकृत न जाणणाऱ्यालाही भिंत आखण्यापूर्वी उघडून पाहता येतो.