बायोडिझेल आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालवण्याचा प्रयत्न जवळजवळ त्या इंजिनाइतकाच जुना आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. परंतु कच्चे तेल दाट असल्यामुळे त्याचा बारीक फवारा उडत नाही आणि नोझलवर काजळीचे थर बसतात. यावरचा उपाय १९३७ मध्ये ब्रसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांच्या पेटंटात नोंदवला गेला. तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया घडवून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढल्यावर जे पातळ एस्टर, म्हणजे मेदाम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने बनलेले संयुग, उरते, तेच आजचे बायोडिझेल होय.

इंजिनाची अडचण अशी सुटली, तरी टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेची सुटली नव्हती; कारण मधल्या काळात खनिज डिझेल स्वस्त राहिले आणि गाड्यांचे रबरी भाग त्याच इंधनाच्या स्वभावानुसार घडत गेले. १९३० च्या दशकात जर्मनीत विकसित झालेले नायट्राइल रबर खनिज तेलाला सहसा दाद देत नसे. शिवाय डिझेलमधील ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी वलयाकार रचना असलेली संयुगे, रबर किंचित फुगवत, आणि त्या फुगवट्यामुळेच अनेक सील घट्ट बसत. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचे डिझेल लागू झाले, तेव्हा शुद्धीकरणात ॲरोमॅटिकही घटल्याने काही जुन्या पंपांचे सील आकसून गळू लागले, आणि हे अवलंबित्व उघड झाले. बायोडिझेलचा परिणाम याच्या उलट होता, कारण एस्टर नैसर्गिक व नायट्राइल रबरात शिरून त्याला फुगवते आणि मऊ करते.

ऑस्ट्रिया आणि जर्मनीत १९९० च्या दशकात, मोहरीच्या कुळातील रेपसीडपासून केलेले बायोडिझेल पंपांवर मिळू लागले, आणि जर्मनीत शुद्ध बायोडिझेलवर २००६ पर्यंत इंधनकर नसल्यामुळे जुन्या गाड्यांचे मालकही त्याकडे वळले. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या मर्सिडीझच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील डिझेल गाड्या त्यांच्या टिकाऊपणामुळे यात अग्रभागी होत्या. या गाड्यांत टाकीकडून येणारी मुख्य वाहिनी धातूची असे आणि रबर फक्त सांध्यांवर असे. मात्र इंधन फवारणाऱ्या एका इंजेक्टरपासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या, उरलेले इंधन परत नेणाऱ्या, कापडी वेष्टनाच्या बारीक नळ्या सर्वांत आधी पाझरू लागत. इंधन ओढून घेणाऱ्या बाजूचा दोष ओळखणे अधिक अवघड होते, कारण तेथे तेल बाहेर न गळता हवा आत शिरे आणि गाडी सुरू व्हायला त्रास देई.

यावर कारागिरांनी धरलेला मार्ग फ्लुओरोइलास्टोमर, म्हणजे फ्लोरीनयुक्त कृत्रिम रबर, वापरण्याचा होता. ड्यूपाँने ‘व्हायटन’ या नावाने १९५७ मध्येच ते बाजारात आणले होते, पण महाग असल्यामुळे साध्या डिझेल गाड्यांना ते बसवण्याचे कारण कोणाला नव्हते. नळ्या बदलताना तांब्याचे व पितळेचे तुकडेही काढले जात, कारण त्या धातूंच्या सान्निध्यात बायोडिझेल लवकर खराब होते. तसेच टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ नव्या इंधनाने सुटून येत असल्याने सुरुवातीला फिल्टर वरचेवर बदलावा लागे.

युरोपीय मानकाने साध्या डिझेलमध्ये आधी ५ आणि २००९ पासून ७ टक्क्यांपर्यंत एस्टर मिसळण्यास परवानगी दिली, तेव्हा एस्टरला टिकणारे रबर कारखान्यातूनच बसू लागले. परंतु त्याच सुमारास आलेल्या, धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरमुळे वेगळी अडचण निर्माण झाली. फिल्टर जाळून साफ करण्यासाठी उशिरा फवारलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते, आणि बायोडिझेल सहजी उडून जात नसल्याने ऑइल पातळ होते. त्यामुळे नव्या गाड्या नळ्यांच्या दृष्टीने सिद्ध असूनही शुद्ध बायोडिझेलला अपात्र ठरल्या, तर नळ्या बदललेल्या जुन्या गाड्याच त्यावर चालण्यास अधिक योग्य राहिल्या.