ॲव्हरेज किती देते?

परवा रविवारी मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. नवी गाडी घ्यायची आहे. पेट्रोल, सीएनजी, हायब्रीड की बॅटरीवरची, यावर आमच्याकडे दोन आठवडे खल चाललाय. मी सवयीने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" तर नात म्हणते, "आबा, आणि धूर किती सोडते?" मी गप्पच बसलो. हा प्रश्न मी आजवर कुठल्याच गाडीबद्दल विचारला नव्हता.

आमची शाळा कुर्ल्याची, अगदी रस्त्याला लागून. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीचा फियाटचा कारखानाही कुर्ल्यातच. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सीसीची मारुती आली आणि जो तो 'लिटरला किती?' विचारू लागला. मी १९९१ साली सेकंडहँड घेतली. पेट्रोलचा हिशेब वहीत लिहायचो. (मास्तरची खोड, दुसरं काय!)

त्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, हे मात्र फार उशिरा वाचलं. इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकं तेवढ्याच इंधनात काम जास्त होतं. पण दाब वाढला की पेट्रोल अवेळी भडकतं, इंजिन ठोके देतं. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना यावर तोड सापडली. पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की ठोके बंद! म्हणजे बघा, हे विष आलं तेही इंजिनाकडून जास्त काम काढून घेण्यासाठीच. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. मिजली स्वतःही शिशाने आजारी पडले होते. तरीही ते पेट्रोल जगभर विकलं गेलं.

आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं. नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचा होता आणि तो शिशाने निकामी होतो. देशभर शिसं बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

शिशाचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. रस्त्याकडच्या खिडकीशी माझी मागच्या बाकावरची पोरं बसायची. त्यांतल्या काहींना मी चारचौघांत 'ढ' म्हटलंय. ती शिशामुळे तशी होती असं मी म्हणत नाही, तसं सांगता येणारही नाही. पण 'ढ' म्हणताना मला सगळं कळतंय असंच वाटायचं.

असो. डिझेलचंही तेच. ॲव्हरेज चांगलं, पण काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने चाचणीपुरता धूर कमी दाखवणारी यंत्रणा बसवल्याचं कबूल केलं. तेव्हा नातीचा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.

मुलाचा कल सध्या हायब्रीडकडे आहे. त्यात पेट्रोल कमी जळतं, म्हणजे कार्बनही कमीच. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे नातीनेच मला गणित मांडून दाखवलं. तिला हवी आहे बॅटरीवरची गाडी. पण आमच्या सोसायटीत चार्जिंगची सोय नाही. कमिटीला द्यायचा अर्ज मी कालच लिहून ठेवलाय. सह्या गोळा करायला नात येणार आहे बरोबर.