अभटप्रवेश : सैनिकांना गावबंदी करणाऱ्या एका सनदी अटीची कुळकथा

प्राचीन भारतातील युद्धाचा इतिहास बहुधा शस्त्रे, व्यूह, हत्तीदळे आणि जयपराजय यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु कोणतेही सैन्य रणांगणावर जितका काळ असते त्याहून कितीतरी अधिक काळ ते वाटेवर आणि मुक्कामावर असते, आणि तेथे त्याला लागणारे धान्य, वैरण, सरपण, बैल व माणसांचे श्रम ज्या गावांतून घेतले जात त्या गावांची बाजू सांगणारी साधने फार थोडी आहेत. अशा थोड्या साधनांत ताम्रपटांतील ‘परिहार’ या भागाला मोठे महत्त्व आहे. परिहार म्हणजे दान दिलेल्या गावाला राजाने करांतून, वेठीतून आणि राजपुरुषांच्या त्रासातून दिलेली सूट. विदर्भातील वाकाटक राजांच्या ताम्रपटांत या सुटींच्या यादीत ‘अभटच्छत्रप्रावेश्य’ ही संज्ञा वारंवार येते. भट म्हणजे सैनिक, आणि ज्या गावात भट व छत्र यांनी प्रवेश करावयाचा नाही ते गाव अभटच्छत्रप्रावेश्य होय.

या अटीचा वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटशी संबंध थेट आहे. वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन याच्या मृत्यूनंतर त्याची राणी प्रभावतीगुप्ता, जी गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या होती, आपला अल्पवयीन पुत्र युवराज दिवाकरसेन याच्या नावाने राज्यकारभार पाहत होती, आणि तिने कारभाराच्या तेराव्या वर्षी कार्तिक शुद्ध द्वादशीस नंदिवर्धन या राजधानीतून एक ताम्रपट दिला. पुण्यात उजेडात आल्यामुळे अभ्यासक त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. त्यात सुप्रतिष्ठ नावाच्या आहारातील, म्हणजे प्रशासकीय विभागातील, दंगुण हे गाव चनालस्वामी या आचार्यास दिल्याची नोंद असून विलवणक, शीर्षग्राम, कदापिंजन आणि सिदिविवरक या शेजारच्या गावांवरून त्याची जागा सांगितली आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या ग्रामनामांचा शोध घेऊन दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट, असे मत मांडले. प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन याचा राज्यवर्ष २ मधील ताम्रपट हिंगणघाटजवळच्या जांब येथे सापडला, आणि त्यात याच सुप्रतिष्ठ आहारातील कोथुरक गावाची सीमा सांगताना आलेली उमा नदी म्हणजे वणा आणि मंडुकीग्राम म्हणजे वणाकाठचे मांडगाव, असे मिराशींनी दाखविल्यामुळे या आहाराचे स्थान बरेच निश्चित होते. म्हणजे पाचव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास वणेच्या काठचा हा मुलूख राजधानीच्या नित्याच्या नोंदींत होता, आणि त्यातील एका गावाच्या शिवेवर सैनिकांना राजाज्ञेने अडविले गेले होते.

येथे भट हा शब्द केवळ लढणाऱ्या शिपायापुरता समजता येत नाही. वाकाटकांच्या अनेक ताम्रपटांत राजाज्ञा ज्यांना उद्देशून दिली जाते त्यांत सर्वाध्यक्ष या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकमाने फिरणारे कुलपुत्र, म्हणजे घरंदाज अधिकारी, आणि त्यांच्यासोबतचे भट व छात्र यांचा स्पष्ट उल्लेख असतो. शांततेच्या काळात हेच सैनिक वसुली, बंदोबस्त आणि आज्ञापालन यांसाठी गावोगाव हिंडत, त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने लष्कर आणि सरकार यांत फारसा भेद उरत नसे. छत्र किंवा छात्र या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही. इतर राजघराण्यांच्या लेखांत त्याच्या जागी ‘चाट’ हा शब्द येतो, आणि गुप्तकालीन लेखांचे संपादक फ्लीट यांनी १८८८ साली चाट म्हणजे अनियमित व भट म्हणजे नियमित सैन्य असा अर्थ केला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत मात्र राजाने प्रजेचे ज्यांच्यापासून रक्षण करावे त्यांत चाटांना चोरांच्या पंक्तीला बसविले आहे. राज्याच्याच एका सेवकवर्गाचे नाव धर्मशास्त्रात उपद्रवी लोकांच्या यादीत यावे, ही गोष्ट गावकऱ्यांचा त्या वर्गाविषयीचा अनुभव पुरेशी सांगते.

या अटीचे मूळ वाकाटकांच्याही मागे, सातवाहन काळात सापडते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा राज्यवर्ष १८ मधील प्राकृत लेख आहे. पूर्वी क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत (निवर्तन हे जमिनीचे त्या काळचे माप होय) बौद्ध भिक्षूंना देताना गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास राजाने कळविले आहे की हे शेत ‘अपावेस’ म्हणजे राजपुरुषांनी न शिरण्याचे, ‘अनोमस’ म्हणजे हात न लावण्याचे, ‘अलोणखादक’ म्हणजे मिठासाठी न खणण्याचे आणि ‘अरठसंविनयिक’ म्हणजे प्रांताधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपापासून मुक्त असावे. कार्ले येथील लेण्यातही अशाच सुटी नोंदविलेल्या आहेत. दख्खनमधील या प्रकारच्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या नोंदींत हे लेख मोडतात. त्यांपैकी नाशिकच्या लेखाचा सर्वांत अर्थपूर्ण भाग त्याच्या आरंभी आहे, कारण ही आज्ञा राजवाड्यातून नव्हे तर विजयी सेनेच्या ‘खधावारा’तून, म्हणजे स्कंधावारातून, लष्करी तळावरून सुटली होती. क्षहरात नहपानाची सत्ता नुकतीच मोडलेल्या प्रदेशात राजा स्वतः सैन्यासह उभा असताना त्याच सैन्याने कोठे शिरू नये हे ठरवीत होता, म्हणून या अटीचा जन्म युद्धाच्या धामधुमीशी जोडणे सयुक्तिक ठरते.

त्याच लेण्यात सहा वर्षांनंतरचा, राज्यवर्ष २४ मधील दुसरा लेख आहे, आणि तो पहिल्याइतकाच बोलका आहे. भिक्षूंना दिलेले ते शेत कसले जात नाही आणि ते ज्या गावात आहे ते गाव वसलेले नाही, अशी कबुली त्यात राजा व राजमाता यांच्या वतीने दिली असून, त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने देण्यात आली आहेत. गाव का ओस पडले याचे कारण लेख सांगत नाही, परंतु दोन सत्तांच्या झुंजीत हातोहात गेलेल्या मुलखात नांगर थांबणे ही त्या काळची नित्याची हानी असणार. आणि राजाने सवलत दिली तरी तिचा उपभोग घ्यायला माणसे उरली पाहिजेत, हे हा लेख स्पष्टपणे दाखवितो.

सैनिक गावात शिरले म्हणजे नेमके काय मागत, हे चौथ्या शतकातील प्राकृत ताम्रपटांवरून कळते. पल्लव युवमहाराज शिवस्कंदवर्मा याच्या मयिदवोलु ताम्रपटात ‘अभडपवेस’ या संज्ञेलगतच एक लांबलचक समास येतो, आणि त्याच्या काही भागांचा अर्थ वादग्रस्त असला तरी ‘कूर’ म्हणजे शिजलेला भात, ‘खट्टा’ म्हणजे खाट आणि ‘संवास’ म्हणजे मुक्काम ही त्यातील पदे ओळखता येतात. अशीच संज्ञा विदर्भातही आहे. वाशीम येथे १९३९ साली सापडलेला वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा दुसरा विंध्यशक्ती याचा राज्यवर्ष ३७ मधील ताम्रपट हा या घराण्याच्या सर्वांत जुन्या ताम्रपटांपैकी एक असून त्यातील सुटींची यादी प्राकृतात आहे. तिच्यात ‘अभडप्पवेस’ आहे, आणि त्यापाठोपाठ खाटा पुरविण्यापासून व त्यासोबतच्या इतर सरबराईपासून मुक्ती देणारे पदही आहे. त्याच यादीत ‘अपारंपरगोबलिवद्द’ म्हणजे गाई-बैल पाळीपाळीने न देण्याचे, ‘अपुप्फक्खीरग्गहण’ म्हणजे फुले व दूध न देण्याचे, आणि ‘अचम्मङ्गालिक’ म्हणजे कातडी व कोळसा न देण्याचे, असे गाव म्हटले आहे. ही पदे उलटी वाचावीत. प्रत्येक पदाच्या आरंभीचा ‘अ’ काढून टाकला की सूट न मिळालेल्या सामान्य गावाचा दिवस समोर उभा राहतो: घरातली खाट शिपायाला, चुलीवरचा भात शिपायाला, गोठ्यातले दूध त्याच्या अधिकाऱ्याला, बैल पुढच्या मुक्कामापर्यंत ओझे वाहायला आणि कातडे त्याच्या सामानाला. ज्या शेतकऱ्यांनी हे सोसले त्यांनी मागे एकही लेख ठेवला नाही, आणि त्यांच्या हालांची नोंद दुसऱ्या कोणाच्या सवलतीत नकारार्थी रूपाने उरली आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या मागणीचे अधिकृत रूप दिसते. राष्ट्रातून येणाऱ्या उत्पन्नाच्या बाबींत ‘सेनाभक्त’ हे स्वतंत्र नाव असून भाष्यकार त्याचा अर्थ सैन्य कूच करताना गावांनी द्यावयाचा शिधा असा लावतात. कराच्या बदल्यात सैनिक पुरविणाऱ्या गावांना ‘आयुधीय’ म्हटले आहे, आणि ‘विष्टी’ म्हणजे वेठ करणाऱ्यांकडे तळ, रस्ते, पूल व विहिरी दुरुस्त करणे, आयुधे व चारा वाहणे आणि रणातून जखमींना बाहेर काढणे ही कामे सोपविली आहेत. मेगॅस्थेनीसच्या आधारे ग्रीक लेखकांनी लिहून ठेवले की भारतात शेजारी लढाई चालू असतानाही शेतकरी निर्धास्तपणे नांगरीत असत. परंतु हे आदर्शाचे वर्णन आहे, व्यवहाराचे नव्हे, आणि ताम्रपटांतील या याद्या त्याविरुद्ध साक्ष देतात. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात हर्षाच्या सैन्याची कूच रंगविताना पिके तुडविली गेल्यामुळे हळहळणारे आणि राजाला दूषणे देणारे खेडूत दाखविले आहेत, त्यामुळे दरबारी कवीलाही ही गोष्ट ठाऊक होती यात शंका नाही.

तथापि दंगुणच्या कुणब्याला या अटीने मुक्ती मिळाली, असे समजणे चुकीचे ठरेल. सूट गावाला होती, पण तिचा धनी दानपात्र होता. राजाला मिळणारे उत्पन्न आता चनालस्वामीकडे जाणार होते आणि ताम्रपटातील आज्ञा गावकऱ्यांना त्याचे ऐकण्यास सांगत होती. शिवाय सैन्याची भूक एका गावाला वगळल्याने कमी होत नाही, तिचा भार सीमेपलीकडच्या विलवणकावर किंवा कदापिंजनावर पडत असला पाहिजे. दानपात्रांवरही राज्याची नजर असे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या राज्यवर्ष १८ मधील चम्मक ताम्रपटात, जो चित्रवर्मा सेनापती असताना दिला गेला, अचलपूरजवळचे चर्मांक गाव १,००० ब्राह्मणांना देताना त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, युद्ध करू नये आणि इतर गावांना अपाय करू नये अशा अटी घातल्या आहेत, व त्या मोडल्यास गाव परत घेण्याचा अधिकार राजाने राखून ठेवला आहे. शिपाई ज्या गावात शिरत नाहीत तेथे दुसरे शस्त्रबळ उभे राहू शकते, हा धोका वाकाटक राज्यकर्त्यांनी ओळखला होता, असे यावरून म्हणता येते.

पुढे ही संज्ञा ‘अचाटभटप्रवेश्य’ या रूपाने राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत स्थिरावली आणि वापराने साचेबंद झाली. मराठा काळात तिच्या मागची परिस्थिती नव्या नावांनी दिसते: वेठबिगार होतीच, आणि घोडदळाच्या चाऱ्यादाण्याच्या निमित्ताने ‘घासदाणा’ ही वसुली होती, जी नागपूरकर भोसल्यांच्या आणि पेशव्यांच्या वादाचा विषय होऊन १७६९च्या कनकापूरच्या तहात तिचा निकाल करावा लागला. १६७०च्या दशकात चिपळूणजवळ दलवटणे येथे छावणी केलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र मात्र जुन्या परिहारापेक्षा वेगळ्या कोटीतले आहे. शिधा बेताने वापरावा, जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, आणि कुणब्यांच्या घरचे धान्य, भाजी, वैरण वा लाकूड कोणी उचलू नये, असा त्याचा आशय आहे. वाकाटकांची अट एका गावाला लष्करापासून वेगळे काढते, तर हे पत्र शिपायाचा हात कोणत्याही रयतेच्या घराशी थांबवू पाहते. या परंपरेतील खरा पालट येथे झाला.

आज ही मर्यादा कायद्याने घातलेली आहे. भारताच्या संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली असून सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादावयाची झाल्यास धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येत नाही. सैन्याच्या कवायतींसाठी व गोळीबाराच्या सरावासाठी खासगी जमिनीवर शिरावयाचे असल्यास १९३८च्या कायद्यानुसार आधी अधिसूचना काढावी लागते, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई जमीनधारकास द्यावी लागते.