रिकाम्या जागेची बातमी

नोकरी शोधणाऱ्या तरुणांना सल्ला देणाऱ्या पुस्तकांची आज वाण नाही. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावे, पगाराचा विषय केव्हा काढावा, याचे मार्गदर्शन पावलोपावली मिळते. परंतु नोकरी शोधण्याच्या रीतींनाही इतिहास आहे आणि तो प्रशासनाच्या इतिहासाचाच एक भाग आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाजार म्हटला की मागणी आणि पुरवठा आठवतात. श्रमाच्या बाजारात मात्र या दोहोंच्या आधी एक तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे जागा रिकामी असल्याची बातमी. ही बातमी कोणाला कळते आणि तिची किंमत कोण वसूल करतो, या प्रश्नांवर अनेकांचे नशीब ठरत आले आहे.

शिफारशीकडून परीक्षेकडे

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुलकी नोकरी ही लंडनमधील संचालकांच्या हातची देणगी होती. आप्तस्वकीयांच्या आणि स्नेह्यांच्या मुलांची नावे संचालक सुचवीत. १८०६ मध्ये या उमेदवारांसाठी कॉलेज निघाले व पुढे ते हेलीबरी येथे स्थिरावले. त्यामुळे शिक्षणाची सोय झाली, तरी प्रवेश संचालकाच्या शब्दावरच मिळत असे. १८५३ च्या सनदी कायद्याने हा अधिकार काढून घेतला. १८५४ मध्ये मेकॉले यांच्या समितीने अहवाल दिला आणि १८५५ मध्ये पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. जागा आहेत, त्या अमुक इतक्या आहेत आणि अमुक विषयांत गुण मिळविणाऱ्यास त्या मिळतील, हे सर्वांस सांगितले जाऊ लागले.

तथापि परीक्षा लंडनमध्येच होत असे. १८७८ पासून तर कमाल वयोमर्यादा १९ वर्षांवर आणण्यात आली. एवढ्या कोवळ्या वयात समुद्र ओलांडून परक्या भाषेतील परीक्षेस बसणे किती हिंदी मुलांना शक्य होते? सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी ठरले. त्यांची सेवा मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू होण्यास १९२२ साल उजाडले. म्हणजे दार उघडल्याची घोषणा आणि दारापर्यंतचा रस्ता यांत सदुसष्ट वर्षांचे अंतर पडले.

गिरणीच्या दारातील जॉबर

परीक्षेचा हा मार्ग मूठभर सुशिक्षितांचा होता. कोकणातून वा देशावरून मुंबईस आलेल्या माणसाला गिरणीत काम हवे असेल, तर त्याला जॉबरला गाठावे लागे. कामावर घेणे, कामावर देखरेख करणे आणि कामावरून काढणे, ही तिन्ही सूत्रे बहुधा जॉबरच्याच हाती असत. साहजिकच काम लावून दिल्याबद्दल तो दस्तुरी घेई. गावकीच्या गाळ्यात राहणारा, खानावळीत जेवणारा नवखा माणूस एखाद्या गाववाल्याच्या ओळखीने त्याच्यापर्यंत पोहोचे. ज्याला ओळख नसे, त्याला बातमीच मिळत नसे.

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रमविषयक शाही आयोगाच्या अहवालाने, म्हणजेच व्हिटली आयोगाने, या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे असे सुचविले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी बदली कामगारांची नोंदणी सुरू केली. नोंदलेल्या बदल्याने रोज सकाळी गिरणीवर हजर व्हावे आणि गैरहजर माणसाच्या जागी आधी त्यालाच घ्यावे, अशी ही योजना होती. जॉबरचे प्रस्थ त्यामुळे एकदम नाहीसे झाले नाही, परंतु त्याच्या मर्जीच्या जोडीला एक कार्ड आले.

सरकारची खिडकी

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून मुक्त होणाऱ्या लक्षावधी जवानांचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्यासाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’, सुरू झाली. फाळणीनंतर निर्वासितांची नोंदणी तेथेच झाली आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापना यांना रिक्त जागा या कार्यालयास कळविणे बंधनकारक केले.

येथे कायद्यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मालकाने जागा कळवायची होती, मात्र कार्यालयाने पाठविलेला उमेदवार घेण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. कायद्याने बातमी सार्वजनिक केली, निवड मालकाकडे ठेवली. दुसरीकडे, केवळ कार्यालयाने पाठविलेल्या नावांतूनच भरती करण्याचा पायंडा सरकारी खात्यांत पडला. तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, अशा जागांची वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार व्हावा. रांगेत नाव नाही म्हणून पात्र माणूस डावलला जाऊ नये, हे त्यामागचे तत्त्व होते. २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ सुरू झाले, तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

मालक चांगला कशावरून?

बातमी कळली, जागा मिळाली, तरी मालक कसा आहे हा प्रश्न उरतोच. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तेथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. अपघात-भरपाईचा कायदा देशात झाला तो १९२३ मध्ये. कायदा होण्यापूर्वीच जो कायद्याप्रमाणे वागतो, तो चांगला मालक, अशी साधी व्याख्या यातून करता येईल.

परंतु धनी उदार असणे पुरेसे आहे काय? सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. करारानुसार ते १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव लपवून ते पारशांच्या सरायीत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. कचेरीतील शिपाई कागद लांबून फेकत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. महाराजांकडे केलेला अर्ज दिवाणांकडे आला आणि त्यातून निष्पन्न काही झाले नाही. देशातील अत्यंत पुरोगामी संस्थानिकाच्या पदरी, त्या काळच्या सर्वांत उच्चशिक्षित हिंदी तरुणांपैकी एकाला फार दिवस राहता आले नाही. वरचा माणूस थोर होता, पण त्याचा थोरपणा कचेरीच्या खालच्या मजल्यापर्यंत आणि शहराच्या गल्लीपर्यंत पोहोचला नव्हता. आम्हा प्रशासकांनी हा प्रसंग सदैव स्मरणात ठेवावा.

शोध घेणाऱ्यांसाठी

महाराष्ट्राबाहेर दिल्ली, बंगळूर, कोलकाता अशा शहरांत नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना या इतिहासातून काही उपयोगी सूत्रे मिळू शकतात.

पहिले सूत्र ओळखीचे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाल्याचे आढळले. त्यातही बातमी देणारे बहुधा घट्ट मित्र नसून अधूनमधून भेटणारे परिचित होते. कारण सोपे आहे : जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात वर्षातून एकदा भेटणाऱ्या गृहस्थांना संकोच न करता पत्र लिहावे. त्यात शिफारस मागू नये, माहिती मागावी.

दुसरे, जाहिरातीची वाट पाहू नये. निविदा सूचना आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचावेत. नवा कारखाना वा कार्यालय कोठे उभे राहणार, हे तेथे आधी छापून येते आणि माणसांची भरती त्यानंतर होते.

तिसरे, मालकाची चौकशी खालून करावी. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव घातले की तिने किती कर्मचाऱ्यांची वर्गणी केव्हा भरली हे पाहता येते. शिपाई, लिपिक आणि नुकतेच नोकरी सोडून गेलेले लोक यांच्याशी बोलावे. विशेषतः आपल्यासारख्या परक्या गावच्या, परक्या भाषेच्या माणसाला तेथे कसे वागवतात, हे त्यांनाच ठाऊक असते.

आणि शेवटचे : नोकरी लावून देण्यासाठी जो आपल्याकडे पैसे मागतो, तो इंग्रजी कितीही सफाईने बोलत असला तरी जॉबरच समजावा. नव्वद वर्षांपूर्वी त्याच्या हातून जी चावी काढून घेण्यास आरंभ झाला, ती आपण होऊन त्याला परत देऊ नये.