मोटार विक्रीतील मध्यस्थ : व्यापारी की अडत्या?
(वऱ्हाडच्या अनुभवाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप)

प्रस्तावना

मध्यस्थ या शब्दाकडे वऱ्हाडात नेहमीच संशयाने पाहिले गेले आहे. कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशाने गेल्या दीडशे वर्षांत अडते, दलाल, जिनवाले आणि शेवटी खुद्द सरकार अशा सर्वांच्या हाती आपला माल सोपविला. उत्पादक व ग्राहक यांच्यामध्ये तिसरा असावा की नसावा, हा प्रश्न त्यामुळे येथील अभ्यासकास नवा नाही. मात्र आजवर तो प्रामुख्याने विकणाऱ्याच्या बाजूने विचारला गेला. विकत घेणाऱ्याच्या बाजूने, त्यातही मोटारीसारख्या महागड्या वस्तूच्या संदर्भात, त्याची ऐतिहासिक मांडणी क्वचितच झालेली दिसते.

२०२१ नंतर भारतात काही मोटार कंपन्यांनी पारंपरिक वितरकाचे स्थान बदलून ग्राहकास थेट गाडी विकण्यास आरंभ केला. १५ जुलै २०२५ रोजी टेस्ला या अमेरिकी कंपनीने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःचे दालन उघडले, तेव्हा या चर्चेस अधिक जोर आला. तिवसा हे अमरावती-नागपूर मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. येथील माणूस नवी मोटार घ्यावयाची झाल्यास अमरावतीस किंवा नागपुरास जातो, दोन-तीन शोरूम पाहतो, भाव करतो. त्याच्या दृष्टीने वितरक असणे वा नसणे याचा अर्थ काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. थेट विक्रीत गाडी स्वस्त पडते की महाग, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास दुय्यम वाटतो. ग्राहकाच्या हाती येईपर्यंत गाडी कोणाच्या मालकीची होती, यावर त्याचे बहुतेक हक्क अवलंबून असतात.

टंचाईचा काळ आणि नोंदवही

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. स्वातंत्र्यानंतरच्या धोरणात केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांस स्थान उरले नाही व जनरल मोटर्सने १९५४ मध्ये येथील काम थांबविले. पुढील तीन दशके मागणी मोठी आणि उत्पादन अल्प अशी स्थिती राहिली.

या काळातील वितरकाचे स्वरूप आजच्याहून सर्वस्वी भिन्न होते. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाखाली १९५९ मध्ये मोटारींसाठी व १९६० मध्ये स्कूटरींसाठी वितरण व विक्री नियंत्रण आदेश निघाले. नोंदणी कोणत्या क्रमाने करावी आणि गाडी कोणाला आधी द्यावी, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य वितरकाकडे राहिले नाही. १९६९ मध्ये किमतीही केंद्राने आदेशाने बांधून दिल्या; त्याविरुद्ध प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली व १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. थोडक्यात, भाव सरकारचा, माल कारखान्याचा आणि वितरकाकडे केवळ नोंदवही! त्या नोंदवहीतील एका ओळीला मात्र बाजारात किंमत होती. नातेवाइकांच्या नावे नोंदणी करून ती ‘ऑन’ घेऊन विकण्याचा प्रकार त्या पिढीतील कोणासही सांगावा लागत नाही. बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यास मात्र ती लवकर मिळत असे.

१९८३ मध्ये मारुती उद्योगाने नोंदणी खुली केली तेव्हा प्रत्येकी १०,००० रुपये अनामत घेण्यात आली. लाखाहून अधिक लोकांनी ती भरली. साधा गुणाकार केला तरी ही रक्कम १०० कोटींच्या पुढे जाते. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली. म्हणजे ग्राहकांचा पैसा आधी गेला, गाडी नंतर आली. टंचाईच्या बाजारात भांडवलाचा भार अशा रीतीने ग्राहकच वाहत होता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘पूर्वी वितरक लुटत’ या सर्वसाधारण समजुतीत या बाबीची दखल घेतली जात नाही.

वऱ्हाडची अडत

येथे थोडे कापसाकडे वळणे उपयुक्त ठरेल. १८८६ मध्ये कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. या कायद्याने मध्यस्थ नाहीसा केला नाही. दलाल व मापारी यांना परवान्याच्या कक्षेत आणून व्यवहार उघड्या जागी करण्यास भाग पाडले, एवढेच त्याचे स्वरूप होते.

या बाजारातील एक भेद आपल्या विषयास फार जवळचा आहे. व्यापारी माल विकत घेतो. भाव पडला तर तो बुडतो, वाढला तर तो कमावतो. अडत्या माल विकत घेत नाही. तो दुसऱ्याचा माल विकून देतो आणि अडत घेतो. त्यातही कच्ची व पक्की अडत असा फरक व्यापारी रूढीने केलेला आहे : कच्चा अडत्या दोन पक्षांची केवळ गाठ घालून देतो, तर पक्का अडत्या सौद्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो.

मध्यस्थ पूर्णपणे काढून टाकण्याचा प्रयोगही आपण पाहिला आहे. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने व्यापाऱ्यास बाजूला सारून शासनाने पणन महासंघामार्फत थेट खरेदी सुरू केली. हेतू शेतकऱ्याच्या हिताचा होता, याविषयी वाद नाही. परंतु व्यापारी गेला तरी त्याचे काम गेले नाही. माल साठविणे, त्यात पैसा अडकविणे, भाव पडण्याचा धोका पत्करणे हे सर्व कोणाला तरी करावेच लागले. ते शासनाच्या गळ्यात पडले आणि चुकारे रखडू लागले. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की कापूस रातोरात सीमेपलीकडे जात असे, हे अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील माणसास ठाऊक आहे.

विपुलतेचा काळ : व्यापारी झालेला वितरक

१९९१ च्या उदारीकरणानंतर मोटारींची टंचाई ओसरली आणि वितरक खऱ्या अर्थाने व्यापारी बनला. तो कंपनीकडून गाडी विकत घेतो, बँकेच्या कर्जावर ती आपल्या आवारात उभी करतो आणि पुढे ग्राहकास विकतो. शोरूममध्ये होणारी घासाघीस याच मालकीतून उगम पावते. वर्षअखेरीस मिळणारी सूट म्हणजे अनेकदा त्या उभ्या गाडीवरील व्याजातून सुटण्यासाठी त्याने मोजलेली किंमत असते.

या स्थानाचा दुसरा चेहरा कठोर आहे. १९२०-२१ च्या मंदीत हेन्री फोर्ड यांनी न मागितलेल्या गाड्या वितरकांकडे धाडून त्यांच्याकडून रोख पैसे वसूल केले होते. अमेरिकेत पुढे वितरकांच्या संरक्षणार्थ १९५६ मध्ये संघीय कायदा झाला आणि अनेक राज्यांनी उत्पादकाच्या थेट विक्रीवर बंधने घातली. भारतात अशा स्वरूपाचा कायदा नाही. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने येथील विक्री बंद केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबविण्याचे घोषित केले, तेव्हा दालनांत पैसा गुंतविलेल्या वितरकांचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

मधल्या काळात ग्राहकांनी आणि कंपन्यांनी वेगळे मार्गही चोखाळले. २००९ मध्ये टाटा नॅनोची नोंदणी वितरकांखेरीज स्टेट बँकेच्या शाखांतूनही झाली. दोन लाखांहून अधिक नोंदी आल्या आणि पहिल्या १ लाख गाड्यांसाठी सोडत काढण्यात आली. तालुक्याच्या गावी मोटारीचा वितरक नसतो, बँक असते, ही बाब त्यामागे निश्चितच होती. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योजकांनी व व्यावसायिकांनी गट करून सुमारे १५० मर्सिडीज एकाच वेळी खरेदी केल्या. हा सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. एकट्या ग्राहकाचे जे चालत नाही ते गटाचे चालते, हे सहकाराच्या या भूमीत वेगळे सांगावयास नको.

पुन्हा अडतीकडे

ऑक्टोबर २०२१ मध्ये पुण्याजवळ चाकण येथे कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडिया कंपनीने विक्रीची नवी पद्धत सुरू केली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा राहतो, पावती कंपनी थेट ग्राहकाच्या नावे करते, देशभर एकच भाव असतो आणि पूर्वीच्या वितरकास प्रत्येक गाडीमागे मोबदला मिळतो. इंग्रजी वृत्तपत्रांनी ही पद्धत क्रांतिकारी ठरविली. कारंज्याच्या बाजारातील एखाद्या जुन्या माणसाने मात्र तिला एका शब्दात ओळखले असते : अडत. व्यापारी होता तो अडत्या झाला.

हा बदल केवळ नावाचा नाही. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात निर्णय दिला. ग्राहकाने २०११ मध्ये नवी गाडी मागितली असता वितरकाने त्यास २००९ सालची गाडी दिली होती. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सर्वांनी वितरकासोबत उत्पादक टाटा मोटर्स कंपनीसही जबाबदार धरले. सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकास त्यातून मुक्त केले. कंपनी व वितरक यांचा संबंध मालक आणि प्रतिनिधी असा नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आहे. वितरकाच्या कृत्याची कंपनीस माहिती होती असे सिद्ध झाल्यावाचून तिला दोषी धरता येणार नाही, असा त्याचा आशय होता. गाडी एकदा विकली की तिची मालकी जाते, आणि मालकीबरोबर विक्रीतील लबाडीचे उत्तरदायित्वही जाते. अडतीच्या पद्धतीत पावतीवर कंपनीचे नाव असल्याने तिला ही वाट उरत नाही.

तिवशाच्या ग्राहकास याचा लाभ किती, हे सावधपणे पाहावे लागेल. एकच भाव असल्याने अमरावतीची नागपूरशी तुलना करण्याचे कारण उरत नाही. परंतु डिसेंबरात घासाघीस करून मिळणारी सूटही जाते. दुरुस्तीसाठी करावा लागणारा प्रवास दोन्ही पद्धतींत तेवढाच राहतो. शिवाय थेट विक्री आजवर मुख्यत्वे महागड्या गाड्यांपुरती आहे. तालुक्याच्या गावी ज्या गाड्या घेतल्या जातात, त्या मारुती, टाटा, महिंद्र या कंपन्यांच्या वितरकांमार्फतच विकल्या जातात. निर्मितीतील दोषासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणान्वये या कंपन्यांविरुद्ध दाद मागता येते. मात्र जुने मॉडेल नवे म्हणून गळ्यात बांधले गेले किंवा अनामत अडकून पडली, तर कंपनीच्या संगनमताचा पुरावा नसल्यास ग्राहकाला गोव्याच्या त्या ग्राहकाप्रमाणे वितरकाच्याच दारी जावे लागते.